कच्ची राहिलेली भाकरी

सिस्टर, काल माझ्या हातची भाकरी मधे कच्ची राहिली आणि तुमची फार आठवण झाली. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं लोटली, हे मला कळतं. पण तुमच्याशिवाय हे सांगावं असं दुसरं माणूस नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बसून लिहीत काय बसलीस, वॉर्डात कामं संपली का?" संपली हो. वॉर्ड सुटला, टोपी सुटली, आता गुडघे तेवढे सोबत आहेत.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी कोपरगावच्या मास्तरांची मुलगी, नगरला तुमच्या हाताखाली नर्सिंग शिकायला नुकतीच आलेली. मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर आपल्याच जिल्ह्यातल्या, डोंगराकडच्या अकोले तालुक्यातली ती पोर होती, आठ-नऊ वर्षांची, रक्ताचा आजार झालेली. बाटलीतून रक्त चढवलं की दोन दिवस गालावर रंग यायचा, मग पुन्हा पांढरीफटक. त्यापुढे त्या काळी इलाज नव्हता. डॉक्टरांनी ते आईबापांना सांगितलं होतं, पोरीला मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं काहीही मागावं, सगळ्यांनी हो म्हणावं. तिनं शेजारच्या पोराचा कंगवा लपवला, तरी तिची आई नुसती तिच्या तोंडाकडं बघून डोळे पुसायची. एकदा तिनं मला विचारलं, "ताई, मी कवा बरी व्हनार?" मी म्हणाले, लवकरच. तुम्ही शेजारच्या खाटेची चादर बदलत होतात. मला बाहेर व्हरांड्यात नेलंत आणि म्हणालात, "लवकरच म्हणजे कधी? वार सांग. उद्या पोरीनं वार विचारला तर काय सांगशील?" माझ्याकडं वार नव्हता. मी रडायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "रड, पण पाच मिनिटं. मग तिच्यासाठी काहीतरी काम शोध. रिकामं माणूस आजारी नसलं तरी आजारी पडतं."

काम तिनंच शोधलं. हॉस्पिटलच्या मागं पत्र्याची शेड होती, तिथं पेशंटच्या घरच्या बायका ओळीनं चुली मांडून स्वयंपाक करायच्या. पोरीला भाकरी थापायला शिकायचं होतं. तिच्या वयाच्या गावच्या पोरी केव्हाच शिकल्या होत्या, हिला आजारामुळं आई परातीला हात लावू देत नव्हती. थापलं की हातावर काळे-निळे डाग पडतील, हे आईचं म्हणणं खरंच होतं. तुम्ही म्हणालात, "पडू द्या डाग. भाकरीचे पडले तर निदान कशाचे ते तिला कळेल."

ती शेड माझ्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी आहे. रेशनवर तेव्हा लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, आणि त्याच्या पिठाला चिकटा म्हणून नव्हता. उचलली की भाकरीचे दोन तुकडे. नेवाशाची एक आजी म्हणते, आधणाचं पाणी घाल, पाथर्डीची बाई म्हणते, आधण न्हाई, मळायला जोर पायजे, आणि पोर दोघींना म्हणते, "आमच्याकडं तांदळाची आसती, तुमचं काय मला सांगू नगा." सगळी शेड हसते आहे. तिची आई तेवढी पदर तोंडाशी धरून चुलीपुढं बसलेली. मी कौतुकानं पुढं होऊन पोरीच्या हातावर हात ठेवून थापू लागले, तशा तुम्ही ओरडलात, "भाकरी तिची आहे का तुझी?"

शेवटी एक तव्यावर पडली. कडा फाटलेल्या, मधे बोटाएवढी जाड, फुगायचं नाव नाही. तुकडा तुकडा सगळ्यांना वाटला. आजी म्हणाली झकास, पाथर्डीची म्हणाली लई ग्वाड, मी म्हणाले छान. पोरीचा चेहरा उतरत चालला होता. तुम्ही सावकाश चावलंत आणि म्हणालात, "मधे कच्ची आहे. पाणी फिरवायला उशीर केलास, आणि जाळ मोठा ठेवलास."

पोरीचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नसावं. ती तुमच्याकडं बघत राहिली आणि त्याच दमात तिनं विचारलं, "सिस्टर, मी बरी न्हाई ना व्हनार?"

तुम्ही तिच्यासमोर उकिडव्या बसलात. "न्हाई बाळ. न्हाई व्हायची. दुखेल तेव्हा मी औषध देईन. आई तुला सोडून कुठं जायची न्हाई. आणि तू विचारशील ते मी खरं सांगेन."

तिनं परातीतलं उरलेलं पीठ गोळा केलं. मग म्हणाली, "मंग मला घरी न्या. हितल्या पिठाची भाकरी काय खरी न्हाई."

तिची आई हुंदके देत होती, पण दुसऱ्याच क्षणी तीच ओरडली, "आगं तवा जळतोय, तिकडं बघ की, बया." किती दिवसांनी त्या बाईनं पोरीवर आवाज चढवला होता. पोर खुशीत तव्याकडं वळली.

वडील येऊन तिला घेऊन गेले. नंतर आपण दोघी एसटीनं अकोल्याला आणि तिथून भाताच्या बांधावरून चालत तिच्या घरी गेलो, आठवतं का? पाऊस बेताचा होता, तरी डोंगराकडची खाचरं हिरवी होती. तुम्ही आईला शिकवलंत, हिरड्यांतून रक्त आलं तर ओल्या कापसानं कसं टिपायचं, कूस कशी बदलायची, दुखायचं औषध किती द्यायचं. धाकट्या भावाला दूर ठेवलं होतं, त्याला तुम्ही तिच्या अंथरुणात नेऊन बसवलंत. त्या दोघांचं लगेच भांडण लागलं आणि घर कसं घरासारखं वाटायला लागलं. पोर अगदी वाळली होती. तरी आईनं मागून टेकू दिला आणि तिनं आपल्या दोघींसाठी तांदळाची भाकरी थापली. एकाच भाकरीचे दोन अर्धे आपल्या हातात आले. तिचे ते हात बघून मी म्हणाले, "छान झाली गं."

तुम्ही म्हणालात, "मधे कच्ची आहे."

ती हसायलाच लागली, खोकला येईपर्यंत. "म्या मुद्दामच ठिवली हुती. म्हनलं, बघू सिस्टर आजून खरं बोलत्यात का. ह्या ताई मात्र लबाड हायेत." मी इतकी लाजले आणि इतकी हसले, की तुम्हालाही शेवटी हसू आवरलं नाही.

दिवाळीआधी ती गेली. वडील फडक्यात नवे तांदूळ बांधून वॉर्डात आले होते. म्हणाले, "तरास झाला न्हाई, सिस्टर. सकाळी भावाशी भांडली, दुपारी झोपली, ती झोपलीच." त्या तांदळांचा भात तुम्ही सगळ्या वॉर्डाला केलात.

पुढं मी तुमचंच बोट धरून चालले, सिस्टर. किती मुलींना शिकवताना मी विचारलं असेल, लवकरच म्हणजे कधी, वार सांग. त्या माझ्यावर चिडायच्या, मी तुमच्यावर चिडायचे तशाच.

आता कालचं सांगते. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला तपासलं, मग बाहेर बाकावर बसवलं आणि मुलाशी बराच वेळ बोलले. तो बाहेर आला आणि म्हणाला, काही नाही आई, लवकरच बरं वाटेल. तेव्हापासून घरात माझं सगळं गोड लागतंय लोकांना. काल मी एक भाकरी मुद्दाम कच्ची ठेवली. मुलानं खाल्ली, छान म्हणाला. सुनेनं खाल्ली, छान म्हणाली. एरवी मिठाला कमीजास्त झालं तरी बोलणारी ही माणसं. मला आधी हसूच आलं, आणि मग कळायचं ते कळलं.

वार विचारायला हवा होता. पण खरं सांगते सिस्टर, मीही तो कच्चा तुकडा गिळला आणि म्हणाले, हो, आज छान झाली.