भात्याचे सात हजार ठिपके

३ जानेवारी, शनिवार
ठरलं. २५ तारखेला बाबांचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी मंडळाच्या भजनाआधी बाबांनी स्वतः वाजवलेला गजर स्पीकरवर लावायचा. जाण्याच्या महिनाभर आधी ते माझ्या किबोर्डवर वाजवून गेलेत, फाईल आहे. आईने विचारलं, तेच वाजवतायत असं वाटेल ना? म्हटलं, त्याहून चांगलं वाटेल. अंदाज : एका संध्याकाळचं काम. डिस्पॅच ही माझी नोकरी झाली, मुळात मी म्युझिक प्रोड्युसर आहे हे भांडुपला आता कळेल.

४ जानेवारी, रविवार, सकाळी १०
फाईल उघडली. पुढे वर्कशॉप घेईन तेव्हा असं समजवायचं : MIDI मध्ये आवाज नसतो, फक्त नोंदी. कुठली पट्टी कधी दाबली, डावीकडचं चाक कधी किती फिरवलं. पट्टीची नोंद म्हणजे स्क्रीनवर आडवी वीट. चाकाची नोंद म्हणजे खाली ठिपका. चाक एखाद्या जागी सुराला हेलकावा द्यायला वापरतात. बाबांच्या फाईलमध्ये चाकाचे सात हजार ठिपके. वर, खाली, वर, खाली, शेवटपर्यंत. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड असावा.

६ जानेवारी, सकाळी ७
प्ले केलं. किबोर्डला हात लावला नव्हता. स्क्रीनवरचं चाक आपोआप वर-खाली होत राहिलं. अंगावर काटा आला. पंखा पाचवर होता म्हणून. कल्पिता म्हणाली, पंखा बंद आहे. बायकोला टेक्निकल गोष्टीत मध्ये घ्यायचं नाही.

आई दारात उभी होती. म्हणाली, भातो मारतत ते. म्हणजे पन्नास वर्षं पेटी वाजवलेला माणूस. डावा हात रिकामा राहवेना, किबोर्डला भाता नाही, तर हाताशी आलेलं चाक धरलं. मी समजावलं, आई, याला अनावश्यक डेटा म्हणतात.

९ जानेवारी
व्हिडिओ पाहिला. एका प्रकारच्या सगळ्या नोंदी एकदम निवडून एका बटणात उडवता येतात. एकेक ठिपका पुसत बसणारे अडाणी. निवडले. डिलीट केलं नाही. ऑफिसला उशीर होत होता. (रविवारी लक्षात आलं, त्या शुक्रवारी माझी सुट्टी होती.)

११ जानेवारी, रविवार
धाकूकाका आले. चाळीस वर्षं बाबांच्या पेटीला पखवाजाची साथ. ऐकवलं. मध्येच सूर थांबतात. चाळीस सेकंद एकही वीट नाही. ठिपके मात्र चालूच. काका म्हणाले, बोलत असतील. बुवा बोलायला थांबले तरी हात भात्यावरून काढत नसत. काय सांगत होते तुला?
म्हटलं, टेक्निकल सूचना.
ते वाजवत होते तेव्हा मी समोरच बसलो होतो हे खरं. हातात फोन होता हेही खरं.

१४ जानेवारी
ते चाळीस सेकंद अकरा वेळा ऐकले. ऐकायला काही नाही, फक्त चाक हलताना दिसतं. अठ्ठाविसाव्या सेकंदाला हात थांबतो, मग हळू चालतो. पाणी प्यायले असतील. किंवा माझ्याकडे बघितलं असेल. चारकोपला ऑफिसात इन्व्हॉइस बघतानाही खालच्या ओळीवर ठिपके हलतात. चष्म्याचा नंबर बदलला असणार. भीती वगैरे नाही.

१८ जानेवारी, रविवार, दुपार
झालं. सात हजार बारा नोंदी, दोन सेकंद. ती चाळीस सेकंदांची पोकळीही कापून सूर जोडून घेतले. दोन फाईली ठेवल्या की गोंधळ होतो, म्हणून जुनीवरच सेव्ह केलं. सगळं बंद करून व्यवस्थित जेवलो. घर एकदम शांत आहे. शांततेचा इतका त्रास का व्हावा कळत नाही.

१९ जानेवारी
प्ले केलं. लिफ्टमध्ये वाजतं तसं वाजतंय. किरकोळ फिनिशिंग बाकी. अनडू चालत नाही, ते काल सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हाच गेलं.

२१ जानेवारी
चाक स्वतः फिरवून ठिपके पुन्हा भरले. भाता मारण्यात विशेष काही नाही. दहा मिनिटांत मनगट धरलं. धाकूकाकांनी फोनवर ऐकून विचारलं, पेटी कोण शिकतंय?

२४ जानेवारी
सूर बाबांचेच आहेत. कोणाला फरक कळणार नाही.

२५ जानेवारी, रविवार
लावलं. मंडळी मान खाली घालून ऐकत होती. ती जागा आली आणि सूर न थांबता पुढे गेले. आईने हात वर केला. मी बंद केलं.

ती म्हणाली, हंय ते थांबान बोललेले. ता खंय गेला?
म्हटलं, साफ केलं. तिथे काही नव्हतं.
म्हणाली, मी रांधपाच्या खोलीत होतंय, माका सगळा आयकाक येय होता. तुका सांगत होते, ह्या चाकान मी भातो मारतंय, ता मागसून पुसू नको. तू हो म्हटलंस. माका वाटला, तुका ठावक आसा.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, मी ऐकलं नव्हतं. फोनमध्ये होतो.
आई म्हणाली, त्यांका ता कळलेला. म्हणान दोनदा सांगितल्यानी.