उखळ, फोडणी, दूध

अप्पा,

त्या जीपची खरी किंमत काय पडली, ते परवा मनाशी मांडून पाहिलं. मिलिटरीच्या मोडीतली गाडी म्हणून लिलावात जे पैसे दिलेत ते सोडा, ते कधीच वसूल झाले. पण आईचं तांब्याचं घंगाळ सुटे भाग धुवायला गेलं आणि रॉकेलचा वास जाईना म्हणून परत न्हाणीत गेलं नाही. दारातल्या कडुलिंबाची आडवी फांदी इंजिन टांगता टांगता मोडली. तुमच्या अंगठ्याचं नख गेलं ते पुन्हा सरळ आलं नाही. आणि आपले सगळे रविवार गेले. "निजाम गेला अन् आपल्याला काय मिळालं? शुक्रवारच्या सुट्टीच्या जागी रविवारची सुट्टी," असं तुम्ही चारचौघांत सांगायचात. तोही जीपनं खाल्ला.

आता उमरग्यात हमरस्त्याला माझं स्वतःचं गॅरेज आहे. मुलं चालवतात, मी खुर्ची टाकून बसतो. कळंबपासून माणसं गाड्या घेऊन येतात ती माझ्या कानासाठी. बॉनेट उघडायच्या आत मी दुखणं सांगतो, ही माझी ख्याती. परवाच एका ट्रकवाल्याला म्हणालो, "पत्र्याखाली मुंगी चालली तरी मला ऐकू येतं." तो हसला, मीही हसलो, चहा मागवला. पण हा कान घडला कसा, ते त्याला काय सांगणार? तुमचे गेले म्हणून माझा घडला.

गिरणीच्या ऑइल इंजिनापाशी उभं राहून राहून तुमचे कान गेले. ते एकदम गेले नाहीत, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायका जाडं दळायला सांगायच्या, तुम्ही हसून मान हलवायचात आणि बारीक दळून द्यायचात. शेवटी आईनं ओळखलं. शेजारणीला म्हणाली, "पुढनं बघितलं तर नवरा हाय, मागनं बघितलं तर भिंत." तुम्ही हे तिच्या ओठांवरून वाचलंत आणि सगळ्यांत आधी तुम्हीच हसलात.

तरी जीप घेतलीत. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतते, गावं तुटतात, आजारी माणूस घरातच पडून राहतो. "आपली गाडी रुतायची न्हाय, चारी चाकं ओढतात तिची," हे तुमचं स्वप्न. घरी आणल्यावर कळलं, पुढची दोन चाकं नुसतीच फिरतात, ओढत नाहीत. आठवडाभर मी दुसऱ्याच्या गॅरेजात ट्रकखाली, रविवारी तुमच्याबरोबर जीपखाली. तुमचे हात आणि माझे कान. पण कानातलं हातापर्यंत पोचवायचं कसं, तेच आधी जमेना.

तो रविवार मला अजून दिसतो. मी तुमच्यासमोर तोंड नेऊन ओरडतोय, "खटखट वाजतंय!" तुम्ही चिडताय. "खटखट म्हंजी काय? दार वाजतंय का टाळ?" मी हातवारे करतोय. चुलीपाशी आई बराच वेळ ऐकत बसलेली. ती पिठाच्या हातानं दारात आली आणि तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "अवो, उखळात तीळ कुटल्यागत वाजतंय. एवढं बी सांगता येईना ह्याला?" उखळ हा शब्द तुम्ही ओठांवरून उचललात. डोळे मिटलेत. कान जाण्याआधीचं, तुमच्या आईच्या घरातलं उखळ तुम्हाला आत ऐकू आलं असणार, कारण डोळे उघडलेत ते थेट बेअरिंगकडे हात नेत. आणि दुखणं तिथंच निघालं! त्या दिवसापासून आपली भाषा ठरली. बेअरिंग वाजलं की उखळ. वाल्व वाजले की फोडणी. रेडिएटर उकळायला लागला की दूध. मी ओरडायचो, तुम्ही बॉनेटवर तळवा टेकून मान हलवायचात, आणि आई आतून म्हणायची, "सैपाक माझा, नाव तुमचं."

मग तो दुसरा रविवार. धाप लागत होती, तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. लिंबाखाली बसलात, बंडीची बटणं काढलीत आणि मला जवळ बोलावलंत. "दवाखान्यातला डॉक्टर तुझ्याकडं बघून बोलतोय. मला काय सांगंना. तू कान लाव. काय वाजतंय?"

मी कान लावला. आत खालून बुडबुडे वर येत होते. दारात आई उभी. मी डोकं उचललं. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होता, अप्पा. तुमच्याशी खोटं बोलायचं तर ओठांनीच बोलावं लागणार, आणि ओठ तुम्हाला वाचता यायचे.

"दूध," मी म्हणालो. "उतू चाललंय."

तुम्ही रेडिएटरचं ऐकावं तशी मान हलवलीत. "मग काय करायचं असतंय?" आणि तुम्हीच म्हणालात, "गाडी सावलीला लावायची. झाकण लगीच उघडायचं न्हाय. बसायचं." तसे बसलो. आईनं चहा आणला, बशीत ओतून तुमच्या हातात दिला. चहा झाल्यावर म्हणालात, "चालू कर." मी जीप चालू केली. तुम्ही बॉनेटवर तळवा टेकलात. "आता?"

"उखळ न्हाय, फोडणी न्हाय. लई बेस चाललीय."

"साकु," म्हणालात. पुरे. हा कानडी शब्द तुम्ही फार सुखात असलात की तुमच्या तोंडून यायचा.

पाऊस लागायच्या आत तुम्ही गेलात. पुढच्या चाकांचं राहिलेलं काम मी एकट्यानं केलं. पहिल्या मोठ्या पावसात एका बाळंतिणीला आणायला गाडी काढली. काळं रान नुसतं लोण्यासारखं. मी पुढच्या चाकांचा दांडा ओढला आणि गाडी चढली, रुतली नाही. तेव्हा शेजारच्या तुमच्या जागेकडे वळून मी ओरडलो, "अप्पा, पुढची चाकं ओढतायत!" तुम्हाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. जागा रिकामी होती. मग गाडी चालवत राहिलो, करणार काय?

आता आईही नाही. मुलं रीतसर शब्द वापरतात, त्यांचं बरोबर आहे. पण उखळ म्हटलं तर कुणी हात पुढं करत नाही. हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? पान्यांच्या डब्यात ठेवीन.

आणि अप्पा, तेवढं मुंगीचं. ट्रकवाल्याला मी ते सांगत होतो, तेव्हा थोरला मागं उभा राहून मला हाका मारत होता म्हणे. घरात मी अजून कुणाला बोललो नाही. जीप दारात आहे, दर रविवारी चालू करतो. ती चालू झाली की नाही, हे आता मला बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही.