वीस गुंठे आणि विजेची गाडी

बोईसर,
सोमवार, दुपार

प्रिय विश्राम,

पत्र बघून घाबरू नकोस. सगळे ठणठणीत आहेत. बोईसरहून चिंचणी जेमतेम पंधरा किलोमीटर, रोज सकाळी तुझा फोन येतो, मग हा माणूस कागद का काळे करतोय असं तुला वाटणारच. वहिनींना शेजारी बसव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठून फोन लावायचा नाही, ही अट. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे आणि माझा तुला. समोरासमोर आपण दोघं एवढं सलग कधी बोललोच नाही; तू चहा मागवतोस, मी विषय बदलतो.

आमच्या घरात सध्या कशावरून रणधुमाळी चालू आहे ते तू जाणतोसच. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. गाठीशी जे साठलंय त्यात एकच काहीतरी होईल, एक तर तुझ्या वाडीतले वीस गुंठे, नाहीतर सुगंधाची विजेवरची गाडी. भाग्येश पुण्याहून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला शिकवणी देतो. गाडी शोरूमच्या बाहेर आली की किंमत उतरते, बाबा, जमीन मात्र चढतच जाते, असं तो लॅपटॉपवर आलेख काढून दाखवतो. मागच्या खेपेला सुगंधानं मागून डोकं घातलं आणि म्हणाली, "गाडीची किंमत उतरली तर उतरू दे. आम्हाला ती विकायची नाही, फिरवायची आहे." पोरानं आलेख मिटला. तू बघितलंस ना, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागली तेव्हा मी किती हसलो होतो? आता ती स्टेशनरोडच्या रिक्षांमधून अशी गाडी काढते की मी डोळे मिटून घेतो.

माझं स्वप्न मात्र जुनं. पन्नाशीपर्यंत राहता फ्लॅट, पंचावन्नपर्यंत भाड्याचा दुसरा आणि साठीला स्वतःची जमीन, असं मी लग्नाआधीच ठरवलं होतं. पहिली दोन जमली. तिसरीसाठी मी दोन वर्षं दलालांच्या मागे हिंडलो. बेटेगावच्या बाजूला एकानं मला पत्र्याची पाटी रोवलेलं भातखाचर दाखवलं आणि म्हणाला, "साहब, बुलेट ट्रेन आने दो, दो साल में डबल." मी विचारलं, रस्ता कुठून? त्यानं हात हवेत असा फिरवला की जणू रस्ता आकाशातूनच येणार. प्लॉट बघून आलो की मी तुझ्या ओट्यावर येऊन बसायचो आणि तू माझ्या चपलेचा चिखल बघून विचारायचास, "आज कुठं फसायला गेलेलास?"

चैत्रातल्या त्या संध्याकाळी मी जरा जास्तच बोललो. सत्तावीस वर्षांपूर्वी तासगावहून आलो, कंपनीत लागलो, तुझ्या पडवीतल्या खोलीत भाड्यानं राहिलो, पहिल्या पगारापर्यंत वहिनींच्या हातचं जेवलो. पोरगा इथं वाढला, केस इथं पिकले आणि हातात धरावी एवढी मातीही इथं माझी नाही, असं काहीतरी बडबडलो. बोलता बोलता मी डोळे पुसले. तू सुपारी कातरता कातरता थांबलास आणि म्हणालास, "मग घे ना माज्यातले वीस गुंठे. मागची बाजू. दिवाळीनंतर खरेदीखत करू." मी इसार द्यायला निघालो तर तू रागावलास. "आमी काय कुठं पळून नाय जात. शब्द दिला म्हंजे दिला." भाव तर असा सांगितलास की दलालाला झीट यावी. मी घरी आलो आणि रात्रभर सुगंधाला झोपू दिलं नाही. विहीर कुठं, खोपटं कुठं, सगळं आखून झालं. ती एकदाच म्हणाली, "वहिनी काय म्हणाल्या?" मी म्हटलं, वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या.

कालच्या रविवारचं आता सांगतो. आमच्या खात्यातल्या कमलेशनं दोन महिन्यांपूर्वी तसलीच गाडी घेतली, ती त्यानं आम्हाला दिवसभर चालवून बघायला दिली. माझी इन्स्ट्रुमेंट खात्याची खोड काही जात नाही. वही घेऊन बसलो आणि दर पाच मिनिटांनी बॅटरीचं रीडिंग लिहीत होतो. निघताना ब्याऐंशी, तुझ्या फाटकात अठ्ठ्याहत्तर. सुगंधा म्हणाली, "अहो, बाहेर बघा, समुद्र आला." तुझी गंमत तर मी जन्मभर विसरणार नाही. गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी तू पाठमोरा नारळ सोलत बसलेला! तुझ्या कुत्र्यालाही कळलं नाही. वळलास आणि कोयता टाकून ओरडलास, "आयला, ही ढकलत आणली काय?"

वहिनींनी बोंबील तळले होते, तांदळाच्या भाकरी होत्या. जेवताना मी दिवाळीनंतरच्या खरेदीखताचा विषय काढला. तू मान डोलावलीस. वहिनी हसून म्हणाल्या, "तुमी घेतल्यावर पन तिकडचं खत-माती मीच बघीन हां. तुमाला नाय जमायचं." आम्ही सगळे हसलो. त्या मात्र तव्यावर नसलेला बोंबील परतायला आत निघून गेल्या.

मग सुगंधा तुम्हा दोघांना समुद्रापर्यंत फिरवून आणायला घेऊन गेली. तू पुढच्या सीटवर ताठ बसून दोन्ही हातांनी पट्टा धरला होतास. मी मागे राहिलो. म्हटलं, तेवढ्यात आपले वीस गुंठे पावलांनी मोजून घेऊ. चिकूच्या रांगांमधून मागच्या बाजूला गेलो. खोपटाची जागा ठरवली, तोंड पूर्वेला. तिथंच तुझ्या वाडीत कामाला येणारी सोमी उकिडवी बसून कसल्याशा रोपांना काठ्या बांधत होती. बघतो तर चिकूची नवी कलमं. मेलेल्या झाडांच्या जागा भरल्या होत्या. आळी ताजी, माती अजून काळी ओली. मी मोजली, सात. सोमीला विचारलं, कधी लावली? ती म्हणाली, "परवा. मालकानी सोता खड्डे मारले. पाच वर्सानी फळ धरंल बोलले. आन मालकीन बोलली, या रांगेचे चिकू नातवाला." बोलता बोलता ती सुतळीची गाठ मारत होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

विश्राम, अरे, दिवाळीनंतर माझ्या नावावर होणार असलेल्या जमिनीत तू परवा स्वतः खड्डे खणलेस! माझ्यासाठी लावली असतीस तर मला फोन करून शंभरदा ऐकवलं असतंस. तुझ्या लक्षातही आलं नसणार. पावसात मेलेलं झाड दिसलं, की तिथं दुसरं लावायचं, एवढंच तुझ्या हातांना ठाऊक. जीभ मला जमीन देऊन बसली होती, पण हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्या रांगेत उभा राहिलो आणि मला एकदम भरून आलं. तुझा थोडा राग आला, खोटं कशाला लिहू. पाच महिने एक शब्द बोलला नाहीस! आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. एका संध्याकाळी मी रडवेला झालो म्हणून तू घासातला घास काढून दिलास आणि मी गडी खोपटाचं तोंड पूर्वेला ठरवत होतो.

तेवढ्यात तुम्ही परत आलात. वहिनींच्या पदराला वाळू आणि तू लहान मुलासारखा खिडकीची काच वरखाली करत होतास. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर तू शपथा घातल्या असत्यास, परवाची सात कलमं उपटूनही दाखवली असतीस. मला माहीत आहेस तू.

रात्री सुगंधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग कपाळाला हात लावून म्हणाली, "पण माझ्या हट्टापायी जमीन सोडत असाल तर गाडी नको मला. तुमचं तीस वर्षांचं आहे ते." मी म्हटलं, सत्तावीस वर्षांत मला इथं काय मिळालं ते मी आज मोजून आलोय. जमिनीचं वाईट वाटतंय का? वाटतंय. अजून आठ-दहा दिवस वाटेल. पण वहिनींच्या नातवाच्या चिकूखाली खाट टाकून मला झोप लागली नसती. शिवाय तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस, येताना पाच किलोमीटर मी गाडी चालवली आणि मला ती फार आवडली. भाग्येशला आता माझ्या वहीतल्या रीडिंगचा आलेख दाखवायला मी तयार आहे.

तर हे पत्र यासाठी. तुझा शब्द मी तुला परत देतोय, लेखी, म्हणजे तुला नाकारता येणार नाही. तरीही तू अडून बसशील म्हणून आज सकाळी दुकान उघडताच आम्ही दोघं जाऊन गाडीचे पैसे भरून आलो. पांढरी घेतली. आता तू पायाशी जमीन आणून ठेवलीस तरी माझ्या खिशात काही नाही, त्यामुळे वाद संपला. वहिनींना सांग, तिकडचं खत-माती त्यांनीच बघायचं, मला खरंच जमत नाही. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे आणि ती मात्र मी हक्कानं मागतोय. ओट्याच्या भिंतीला, पावसाची झड लागणार नाही अशा बेतानं, पंधरा अँपिअरचा एक सॉकेट बसवून घे. निवृत्तीनंतर मी दिवसदिवस तुझ्याकडे पडून राहणार आहे, आणि गाडी भरायला आठ तास लागतात.

तुझाच हक्काचा भाडेकरू,
इंद्रजीत