‘स्वमर्जीने’ हा शब्द खोडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: माझ्या नवऱ्याच्या मृत्यूच्या कागदावरील खोटे वाक्य काढून खरे कारण लिहिणे.
संदर्भ: माझे यापूर्वीचे चार अर्ज. उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

१. सहा मार्चला सकाळी साडेदहाला मी कारखान्यात लेथवर होतो. आपल्या अपघात विभागातून फोन आला. माझा नवरा विजेच्या मीटरचे आकडे घेताना जिन्यात कोसळला आणि रुग्णालयात आणण्यापूर्वीच गेला. वय एकेचाळीस. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. लग्नात तो कागदोपत्री बाई होता, शेवटची दोन वर्षे पुरुष. घरात मात्र माणूस पहिल्यापासून तोच होता.

२. आपल्या कागदावर लिहिले आहे: “रुग्ण स्वमर्जीने पुरुष-संप्रेरकाची इंजेक्शने घेत होता, त्यामुळे हृदयक्रिया बंद.” माझ्या मेहुण्याने हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले आणि म्हणाला, “बघा भाऊजी, हौसेनं जीव घालवला.” ती इंजेक्शने आपल्याच खोली क्रमांक चौदामध्ये, आपल्याच डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिली जात होती.

३. त्याला अकरा वर्षे थायरॉइडची गोळी होती. उठल्यावर उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासाने चहा. एक दिवस चुकला नाही. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही जणांना ही गोळी कमी लागते, म्हणून रक्त तपासून डोस पुन्हा ठरवायचा असतो. हे मला बाहेरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. मी लेथ चालवतो, मला ठाऊक नसणे समजू शकते.

४. नाव बदलल्यावर आपल्या नोंदणी खिडकीने त्याची नवी फाइल उघडली आणि जुनी तशीच स्त्रियांच्या कपाटात ठेवली. इंजेक्शन नव्या फाइलवर, गोळी जुन्या फाइलवर. हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली, वजन आठ किलो उतरले, तेव्हा चौदा नंबरमध्ये सांगण्यात आले, “गोळीचं आमच्याकडे नाही.” थायरॉइडच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “ही फाइल बाईंची आहे. तुम्ही त्यांचे कोण?” तो घरी येऊन हसत म्हणाला, “आज मला माझाच नातेवाईक होऊन यायला सांगितलंय.” मीही हसलो. ते हसणे मला आता झोपू देत नाही.

५. तरी प्रयोगशाळेने जानेवारीत त्याचे रक्त तपासले होते. तो गेल्यावर मी जुनी फाइल मागितली. बाईचा नवरा म्हणून ती दोन मिनिटांत मिळाली. आत तो अहवाल होता. त्यावर लाल शाईने लिहिले होते: “गोळी जास्त होत आहे. डोस त्वरित पाहावा.” खाली कोणाचीही सही नाही. तो अहवाल दोन महिने कोणी उघडलाही नव्हता. नवी फाइल मात्र मला दिली नाही. पुरुषाचा नवरा कोणत्या रकान्यात बसतो, हे आपल्या कारकुनाला ठरवता आले नाही.

६. गेल्या आठवड्यात आपलेच पत्र आले. जुन्या फाइलवरील ‘श्रीमती’ तीन वेळा तपासणीस गैरहजर राहिल्या, यापुढे आल्या नाहीत तर नाव कमी होईल. दोन्ही फायली एकत्र करा म्हटले तर उत्तर मिळते, रुग्णाने स्वतः हजर राहावे.

७. मला माफी नको. माफी मागून आपण दुपारी जेवायला जाल. ‘स्वमर्जीने’ खोडा. त्या जागी लिहा की अहवाल आला होता आणि आपल्या रुग्णालयाने वाचला नाही. खाली आपले पूर्ण नाव हवे, नुसता शिक्का नको. ही नोंद आपल्या नावापुढे निवृत्तीपर्यंत राहावी, एवढीच माझी इच्छा आहे. तोवर मी दर मंगळवारी जुन्या फाइलचा नंबर घेऊन रांगेत बसेन. नाव पुकारले की उठेन आणि लाल शाईचे ते वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचेन. दोन मंगळवार झाले. माझी रजा भरपूर शिल्लक आहे.

आपला,
(‘नम्र’ मुद्दाम लिहिलेले नाही)
मृताचा पती
दिनांक: ९ जून

सोबत:
१. जानेवारीचा रक्ताचा अहवाल, प्रत.
२. गैरहजेरीचे पत्र, प्रत.
३. आधीच्या चार अर्जांच्या पोचपावत्या.
४. दुरुस्त केलेला मृत्यूचा कागद: अद्याप मिळालेला नाही.