नववीच्या इतिहास प्रकल्पातून अर्जदाराचा संप वगळण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब (माध्यमिक),
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला,
जिना संपल्यावर डाव्या हाताला.

अर्जदार: आपल्याच कार्यालयाच्या फाटकाबाहेर, सायकल स्टँडला लागून टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून देणारा. वय पासष्ट.

विषय: इयत्ता नववी, इतिहास व नागरिकशास्त्र या विषयाच्या 'आपल्या परिसरातील एक घटना' या प्रकल्पातून अर्जदाराचा संप तातडीने वगळण्याबाबत.

संदर्भ: १) 'मुलांनी इतिहास स्वतः शोधावा' या आशयाचे आपले परिपत्रक.
२) अर्जदाराच्या नातीची प्रकल्पवही, पाने बावीस.
३) अर्जदाराच्या स्वयंपाकघरात गेल्या रविवारी झालेली सभा.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, गेली एक्केचाळीस वर्षे तो आपल्या फाटकाबाहेर बसून दुसऱ्यांची गाऱ्हाणी कागदावर उतरवीत आहे. कोणाची बदली, कोणाची बढती, कोणाच्या जन्मतारखेतली चूक. आपल्या आवक कपाटातील निम्मे कागद अर्जदाराच्या हस्ताक्षरात असावेत. स्वतःसाठी अर्ज करण्याची वेळ मात्र आजवर आली नव्हती. ती घरातल्याच चौदा वर्षांच्या मुलीने आणली, हे नमूद करताना अर्जदाराची मान खाली जाते.

२. पार्श्वभूमी अशी की, पन्नास वर्षांपूर्वी समोरच्या शाळेत तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी वाचनालयाला कुलूप घालून आत मोडके बाक भरले. नववीच्या वर्गाने निवेदन दिले आणि सहा दिवस संप केला. चौदापैकी तेरा मागण्या मान्य झाल्या. चौदावी किरकोळ होती, ती आता अर्जदाराच्या लक्षात नाही. या संपाचा पुढारी म्हणून लोक अर्जदारास 'संपवाले' म्हणतात. हे नाव अर्जदाराने कधी मागितले नाही, पण कोणी हाक मारली तर ओ देत आला आहे. येत्या वीस तारखेस त्याच शाळेच्या नव्या वाचनालयाचे उद्घाटन असून अध्यक्षस्थानी आपण आहात व प्रमुख पाहुणा अर्जदार आहे. दारावर अर्जदाराच्या नावाची पितळी पाटी बसणार आहे. पत्रिका छापून झाल्या आहेत. नवा सदरा शिंप्याकडे आहे.

३. अर्जदाराची नात (मुलाची मुलगी, तुकडी ब) हिने प्रकल्पासाठी हाच संप निवडला तेव्हा अर्जदारास अभिमानच वाटला. त्याने तिला सलग दोन तास साक्ष दिली. मध्ये तीन वेळा चहा झाला. दुसऱ्या दिवशी वही उघडून पाहिली तर त्या दोन तासांच्या माथ्यावर तिने लाल शाईने लिहिले होते: 'मौखिक साधन. पडताळणी बाकी.' साहेब, अर्जदार तिचा सख्खा आजोबा आहे. आजोबांना साधन म्हणावे, असे हल्ली शाळेत शिकवतात काय?

४. त्यानंतर पडताळणी सुरू झाली. संपाच्या वेळी पोलीस किती आले होते, असे तिने विचारले. अर्जदाराने बारा सांगितले. त्यावर तिने वहीचे मागचे पान काढून दाखवले की, मागच्या वर्षी हाच आकडा दोन होता आणि आत्याच्या लग्नात पाच. वाढीचे कारण काय? अर्जदाराने उत्तर दिले की, गोष्ट आहे, वाढणारच. हे उत्तर तिने अवतरणचिन्हांत उतरवून घेतले व खाली अर्जदाराची सही मागितली.

५. अर्जदाराने कुटुंबप्रमुख या नात्याने प्रकल्प बंद करण्याचा आदेश दिला. कुटुंबप्रमुखाची शेवटची निवडणूक कधी झाली, असा प्रश्न नातीने केला. हा नागरिकशास्त्राचा भाग असल्याचे समजते. परिणामी रविवारी स्वयंपाकघरात सभा भरली. अर्जदार, त्याची पत्नी, मुलगा व नात असे चौघे उपस्थित होते. साखरेच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान झाले. प्रकल्प चालू राहावा यास तीन मते पडली, बंद व्हावा यास एक. मतदान गुप्त असूनही ते एक मत कोणाचे हे लगेच उघड झाले, कारण अर्जदाराने चिठ्ठीवर चार ओळींची तळटीप लिहिली होती. पत्नीचे मत कोणत्या बाजूला गेले, हे विचारण्याचा अधिकार अर्जदारास नाही, असेही सभेत सांगण्यात आले.

६. आता मूळ दुखणे. नातीने शाळेच्या जुन्या दप्तराची तपासणी केली. शाळेच्या कारकुनाने तिला कपाटाची किल्ली दिली, ही त्यांची चूक वेगळी. तिला सापडलेली लिखित साधने अशी आहेत. मुख्याध्यापकांची नोंदवही: 'निवेदनाचा मजकूर आपला असल्याचे पटक्रमांक ४१२ ने भर वर्गात कबूल केले. नाव कमी केले. दाखला देऊ नये.' संपाच्या आठवड्याचा हजेरीपट: अख्खा वर्ग गैरहजर. त्याला टाचणीने जोडलेली चिठ्ठी: 'पटक्रमांक ३९७ याच्या पोटात दुखत असल्याने सहा दिवसांची रजा मिळावी.' पटक्रमांक ३९७ म्हणजे अर्जदार. चिठ्ठीखाली वडिलांची सही आहे, मात्र मजकूर अर्जदाराच्याच वळणदार अक्षरात आहे. नातीने समासात टीप दिली आहे: 'संपात रजेचा अर्ज देणारा एकमेव विद्यार्थी. आजोबांचा हा पहिला अर्ज असावा.'

७. अर्जदाराची बाजू अशी की, पोट खरेच दुखत होते. शिवाय निवेदनातील पहिल्या तेरा मागण्याही त्याच वळणदार अक्षरात आहेत, हे नातीनेच भिंग लावून सिद्ध केले आहे. म्हणजे अर्धा संप तरी अर्जदाराचा ठरतो. पटक्रमांक ४१२ कोण, हे अर्जदारास आता आठवत नाही. पन्नास वर्षे झाली. सबब विनंती की:
(अ) सदर संप प्रकल्पातून वगळावा;
(आ) नववीला इतिहास शिकवताना ज्यांचे कोणी नातेवाईक हयात नाहीत अशाच व्यक्ती घ्याव्यात;
(इ) नागरिकशास्त्र हे केवळ पाठांतरासाठी असून घरी करून पाहण्यासाठी नाही, असे पुस्तकावर ठळक छापावे;
(ई) शाळेच्या दप्तराची किल्ली कोणत्याही अल्पवयीन व्यक्तीस देऊ नये, विशेषतः तुकडी ब मधील.

येथवरचा मजकूर सोमवारी लिहिला. पुढचा गुरुवारचा आहे. कागद चांगला असल्याने आधीचा फाडला नाही. फाडला तरी कचऱ्याच्या टोपलीतून तो कोण काढून घेईल, हे आता आपणही ओळखले असेल.

८. साहेब, लिहिलेला अर्ज घरी वाचून दाखवायची मला सवय आहे. पत्नी भाजी निवडता निवडता ऐकते. 'हे वाक्य लांबलं', 'इथं विनंती नको, मागणीच करा', असे म्हणते आणि मी दुरुस्त करतो. माझ्या अर्जांना धार आहे असे आपले हेडक्लार्क म्हणतात, ती धार कुठून येते हे मी त्यांना सांगितलेले नाही. मंगळवारी दुपारी तिला हाच अर्ज वाचून दाखवला. दुसऱ्या परिच्छेदापाशी ती म्हणाली, "किरकोळ नव्हती हो चौदावी." सहाव्यापाशी म्हणाली, "क्रमांक बरोबर आहे." मग उठली, तिची पत्र्याची पेटी उघडली आणि तळाला अंथरलेला पुठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. ते नववीचे प्रगतिपुस्तक होते. पटक्रमांक ४१२.

९. नातीला हे आठ दिवस आधीच ठाऊक होते. आजीची साक्ष तिने वहीच्या एकोणिसाव्या पानावर घेतली आहे. ते पान मी सोमवारी वाचले होते आणि अर्जात घातले नव्हते. आजीचे शब्द असे आहेत: "मुख्याध्यापकांनी निवेदन हातात धरून विचारलं, हे अक्षर कुणाचं? तुझे आजोबा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. मी उभी राहिले, म्हटलं, मजकूर माझा आहे." या जबाबाखाली नातीने त्या वर्षीचा वर्गाचा फोटो चिकटवला आहे. फोटोत सगळ्यांच्या पायांत चपला आहेत. माझ्या पायांवर तिने बाण काढला आहे.

१०. मला सगळे आठवते. सोमवारी लिहितानाही आठवत होते. तिचे नाव कमी झाले म्हणून दुसऱ्या दिवशी वर्ग बाहेर बसला आणि निवेदनाखाली कोणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात चौदावी मागणी लिहिली: '४१२ ला परत घ्या.' तेरा मान्य झाल्या तेव्हा मुले आत गेली. माझे पोट दुखायचेही त्याच दिवशी थांबले. पुढे आमचे लग्न ठरले तेव्हा तिने मला का पत्करले, असे नातीने विचारले आहे. उत्तर: "अक्षर चांगलं होतं." आणि इतकी वर्षे ते संपाची गोष्ट सांगतात ती कशी ऐकून घेतलीस, यावर: "सांगतात छान. आणि वाचनालय उघडलं होतं की."

११. प्रकल्पात नसलेली एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो. लग्नानंतर चौथ्या वर्षी बालवाडीत शिक्षिकेची जागा निघाली होती. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. दाखल्यासाठी एक अर्ज लिहून द्या, असे तिने मला सांगितले. मी म्हणालो, बघू. तो अर्ज लिहायचा तर नाव का कमी झाले ते लिहावे लागले असते, आणि मी तोवर 'संपवाले' झालो होतो. तिने दोनदा आठवण केली. मग केली नाही. त्या वर्षी मी या फाटकाबाहेर गावातल्या अर्ध्या लोकांचे दाखले मिळवून दिले, साहेब. घरातला तेवढा राहिला. याची मला लाज वाटते. यासाठी कार्यालयीन शब्द आहेत, पण ते वापरावेसे वाटत नाहीत.

१२. काल प्रकल्पवही तपासून परत आली. वीसपैकी बारा गुण. बाईंचा शेरा: 'निष्कर्ष धाडसी. मुख्य साक्षीदाराचा लेखी दुजोरा नाही. शुक्रवारपर्यंत जोडल्यास फेरविचार.' नातीने ते पान उघडून माझ्या टेबलावर ठेवले, वर माझाच पेपरवेट ठेवला आणि शाळेत गेली. आठ गुणांसाठी एवढ्या सभ्यतेने कोणी माझ्या मागे लागले नव्हते.

१३. आणखी एक. पत्नीला या वर्षी बाहेरून दहावीला बसायचे आहे. फॉर्मची मुदत तीस तारखेला संपते आणि त्याला मूळ दाखला लागतो. हे तिने मला सांगितलेले नाही. नातीने सांगितले, तेही माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारल्यावर. इतिहास व नागरिकशास्त्राची शिकवणी नात घेणार आहे. आमच्या घरात यापुढे कोणती सभा कधी भरेल, याचा मला अंदाज नाही.

१४. सबब परिच्छेद ७ मधील (अ) ते (ई) या मागण्या मी मागे घेतो. (इ) मागे घेताना हात जरा अडखळला. आता एकच मागणी आहे आणि ती पन्नास वर्षे जुनी आहे. पटक्रमांक ४१२ हिला शाळा सोडल्याचा दाखला तीस तारखेपूर्वी मिळावा. शेऱ्याच्या रकान्यात 'संप केला' असे लिहिण्यास आमची हरकत नाही, उलट तसेच लिहावे असे तिचे म्हणणे आहे. दाखला तिला वीस तारखेच्या समारंभात, प्रमुख पाहुणी म्हणून, आपल्या हस्ते द्यावा. पितळी पाटीवरील नाव बदलावे. पत्रिका मी हाताने दुरुस्त करून देतो, अक्षर चांगले आहे. मी समोरच्या रांगेत बसेन. त्या दिवशी माझे पोट दुखणार नाही, याची हमी देतो.

या अर्जाची एक प्रत वर्गशिक्षिका बाईंकडे मुख्य साक्षीदाराचा दुजोरा म्हणून उद्याच्या उद्या जात आहे. हा अर्ज पत्नीला वाचून दाखवला. तिने अकराव्या परिच्छेदातली तीन वाक्ये कमी केली आणि 'विनंती' हा शब्द खोडून 'मागणी' केला.

तसदीबद्दल क्षमस्व. या खेपेस खरोखरच नम्र,

मजकुरास मान्यता: (सही) पटक्रमांक ४१२

अक्षर: (सही) पटक्रमांक ३९७. हजर.

दिनांक: सोमवार, ९ (परिच्छेद १ ते ७), गुरुवार, १२ (पुढील).

सोबत:
१) प्रगतिपुस्तक, इयत्ता नववी, पटक्रमांक ४१२. (पाहून परत करावे. पेटीला पुठ्ठा दुसरा घातला आहे, पण तिला हाच हवा आहे.)
२) निवेदनाची नक्कल, मागण्या चौदा.
३) पोटदुखीची चिठ्ठी, मूळ प्रत.
४) वर्गाचा फोटो, बाणासह.