बाबांकडे पोचेल का ही गाडी?

दादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. शोरूमवाल्यांनी इलेक्ट्रिक गाडी दिवसभर चालवून बघायला दिलीये. ती घेऊन मी बाबांकडे निघालेय.

तुझं ऑफिस, माझा दवाखाना, भाजी-किराणा, एवढ्याला ती आरामात पुरते, हे तूही मान्य केलंस. पण दर वेळी तुझं एकच पालुपद: "आणि बाबांकडे जायचं झालं तर? मध्येच चार्जिंग संपलं तर?" मलाही ते पटत होतं. काल भांडी घासताना एकदम लक्षात आलं, तुझं नि बाबांचं ते भांडण झाल्यापासून तू तिकडे फिरकलाही नाहीस. मग गाडी तिथपर्यंत पोचायलाच हवी, हा हट्ट कशाला रे? जायचंच नसतं तर तू विचारलंच नसतंस.

कागदावरची रेंज वेगळी आणि एसी लावून चढ चढतानाची वेगळी, असं सेल्समन म्हणाला. म्हटलं, बघूच खरी किती जाते ते.

बाबांना फोन केला. आधी गाडीची सगळी चौकशी केली, मग हळूच म्हणाले, "तोही येतोय का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

हायवेच्या तोंडाशी चार्जिंगला थांबतेय, पूर्ण भरूनच निघेन. दूध तापवून ठेवलंय. उठलास की फोन कर. तोवर मी तिथून हलत नाही.

छोटी