स्ट्रेचरवरून नितेशला

रा. रा. नितेशराव यांस,

नाहूरहून सर्वेशचा (तिसरा मजला, अजून धडधाकट) साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत, वहिनींचं पित्त आणि तुमच्या बंगळुरूची हवा ठीक असेल असं धरून चालतो. इकडे तुझी आई, म्हणजे आमची विमलाकाकी, ठणठणीत आहे. हे वाक्य दोनदा वाच आणि मगच पुढे जा, कारण रविवारचा तो व्हिडिओ मनालीने अख्ख्या जगाला पाठवला आहे, तेव्हा तो तुलाही आला असणार. त्यात स्ट्रेचरला बांधलेला जो माणूस बोंबलतोय तो मी आणि मागून धूर येतोय तो खरा. फोनवर सांगितलं असतं, पण तू अर्ध्यात "मी बोललो होतो ना" सुरू करतोस. पंधरा तारखेला तू काकीला कायमची न्यायला येतोयस हे तिने जिन्यात सगळ्यांना सांगितलंय. (सांगताना चेहरा असा, की समोरच्याने अभिनंदन करावं की सांत्वन, हेच कळू नये.) म्हातारं माणूस एकटं, काही झालं तर कोण बघणार, हे तुझं म्हणणं बरोबरच आहे. त्यावर मला काही बोलायचं नाही. मी फक्त रविवारचं सांगतो.

झालं असं की एक संस्था सोसायट्यांना आपत्तीच्या तयारीसाठी अनुदान देते. दोर, शिड्या, भोंगा, प्रथमोपचाराच्या पेट्या आणि वर्षभराचं प्रशिक्षण, सगळं त्यात. अर्ज बावीस पानी. सेक्रेटरी मी, म्हणजे तो भरणार मी. त्यात एक रकाना होता, 'विशेष जोखमीच्या व्यक्ती'. तिथे मी पहिलं नाव लिहिलं विमलाकाकीचं: वय शहात्तर, एकटी, दुसरा मजला. (तुझंच म्हणणं सरकारी मराठीत.) शेवटची अट अशी, की त्यांच्या मॅडमसमोर रंगीत तालीम करायची. भोंगा वाजला की इमारत सात मिनिटांत रिकामी आणि एक जखमी माणूस स्ट्रेचरवरून खाली.

आता आपली माणसं तुला ठाऊक आहेत. मी ग्रुपवर टाकलं, अकराला भोंगा, नंतर बटाटेवडे. पावणेअकराला सगळी इमारत खाली! दारं व्यवस्थित बंद करून, खुर्च्या घेऊन, काही जण तर लग्नाला निघाल्यासारखे. शर्मिष्ठा मॅडम आल्या, भोंगा वाजला आणि बाहेर पडायला आत काकीशिवाय कुणीच नव्हतं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, संपलं, गेलं अनुदान. मग सगळी भिस्त जखमी माणसावर. तो मान काकीचा होता, पण जिवंत माणसाला आडवं करून चौघांनी खांद्यावरून न्यायचं हे तिला आदल्या दिवशीच अजिबात पटलं नव्हतं. ती घरात जाऊन कडी लावून बसली होती. म्हणून जखमी मी झालो.

तिसऱ्या मजल्यावर मला चार पट्ट्यांनी आवळलं. उचलायला खजिनदार भाऊ आणि त्यांच्या पत्त्यांच्या अड्ड्यातले तिघे. दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत भाऊंचा गुडघा बोलायला लागला, म्हणून मला काकीच्या आणि पद्मजाताईंच्या दारांमध्ये टेकवलं. तेवढ्यात खालून हाक आली, अनुदानाच्या फाइलसाठी पथकाचा फोटो काढायचाय, लवकर या. चौघेही गेले. गुडघ्यासकट, धावत! फोटो झकास आलाय. त्यात बचाव पथक आहे, बॅनर आहे, फक्त ज्याला वाचवायचं तो नाही.

मी छताकडे बघत पडलो होतो. थोड्या वेळाने जळकट वास आला आणि पद्मजाताईंच्या दाराखालून धूर. वडे त्यांच्याकडे तळले जात होते. गॅस बंद करायचा राहिला असावा. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. आग, आग! खालून टाळ्या. मी आणखी जोरात ओरडलो, आणखी टाळ्या. मनाली व्हिडिओ काढत अर्धा जिना चढून आली आणि 'काका, मस्त' अशी खूण करून परत गेली. नितेश, तुला खोटं कशाला सांगू, मी घाबरलो रे. हात हलत नव्हते आणि धूर नाकापर्यंत आला होता.

आणि काकीचं दार उघडलं. कमरेला पदर, हातात किल्ल्यांचा जुडगा. "मेल्या, बोंबलतंस कित्याक?" म्हणाली. मी म्हटलं, काकी, आधी मला सोड. ती मला ओलांडून पुढे गेली. "आधी गॅस बंद करतंय, मगे तुका सोडतंय."

जुडग्यातून लाल धाग्याची किल्ली बरोबर काढली, दार उघडलं, गॅस बंद केला आणि पेटलेल्या कढईवर परात उपडी घातली. पाण्याचा थेंब नाही. धूर खिडकीतून दिसल्यावर मॅडम धावत वर आल्या, तेव्हा काकी माझा दुसरा पट्टा सोडत होती. मॅडमनी विचारलं, हे कुठे शिकलात? काकी म्हणाली, चुलीपुढे. मग त्यांनी किल्ल्यांबद्दल विचारलं. अकरा घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा धागा, देव्हाऱ्यामागच्या खिळ्यावर. कुणी गावी जातं, कुणाचं दार ओढलं जातं, सगळे आपली एक किल्ली काकीकडे ठेवून जातात, वर्षानुवर्षं. आम्हाला ते कधी तयारी वगैरे वाटलंच नव्हतं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पद्मजाताईंच्या ओट्यामागची भिंत तेवढी काळी झाली. मला तर सुटल्यासारखं वाटतंय, दोन्ही अर्थांनी.

तर असं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सर्वेश

ता. क. अनुदान मंजूर झालं. मॅडमनी काकीचं नाव जोखमीच्या रकान्यातून खोडून पथकप्रमुखाच्या रकान्यात घातलं. पथकप्रमुखाने वर्षभर इमारतीत राहायला हवं अशी अट आहे. काकीने सही केली आहे. तुला सांगायचं काम तिने माझ्यावर टाकलं, म्हणून हे पत्र.

ता. क. २. पद्मजाताईंना मीच म्हटलं होतं, तुम्ही खाली व्हा, गॅस मी बंद करतो. मग दोन वडे खाल्ले आणि दार ओढून घेतलं. हे काकीला माहीत आहे. आता तुलाही. बस्स.

ता. क. ३. पंधराला ये, पण परतीचं तिकीट एकाचंच काढ. काही झालं तर कोण बघणार, असं तू विचारतोस ना? काकीच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. मला कुणी बांधून ठेवलेलं नसेल तर मी एका मिनिटात पोचतो.